शेरीफची बदली कोण करतं? (कुपर्टिनोतले पोलीस, तुरुंग आणि बेलीफ)

सह्यकडा

आईबाबा सध्या आमच्याकडे कॅलिफोर्नियात कुपर्टिनोला आलेत. बाबा सातारा ग्रामीणमधून फौजदार म्हणून निवृत्त झाले. तिसऱ्याच दिवशी स्टीव्हन्स क्रीक रस्त्यावर फिरताना एक गाडी दिसली. दारावर मोठी चांदणी आणि खाली ‘शेरीफ’. बाबा थांबले. "हे पोलीस का?" म्हटलं हो. "मग तसं लिहिलं का नाही?" म्हटलं, आपल्या गावाला स्वतःचे पोलीस नाहीत, काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, शेरीफ आपलं बघतो. "बरं, म्हणजे एसपी. याची बदली कुठून होते?"

बदली होत नाही, तो निवडून येतो, हे सांगितल्यावर बाबा रस्त्यातच उभे राहिले. तिथून पुढे आठवडाभर प्रश्न सुरू होते. ठाणं कुठे, बीट किती, एलसीबी (स्थानिक गुन्हे शाखा) कोणाकडे, कैदी पार्टीला (कैद्याला कोर्टात नेणाऱ्या पथकाला) माणसं कुठून देतात. इथे अकरा वर्षं राहून मला धड एकही उत्तर येत नव्हतं. मग काउंटीची कागदपत्रं वाचली, ओळखीच्या एका निवृत्त डेप्युटीला (शेरीफच्या हाताखालच्या पोलिसाला) कॉफी पाजली आणि जे समजलं ते इथे लिहितोय. चुकलं असेल तर सांगा.

आधी नकाशा. आमची सांता क्लारा काउंटी म्हणजे साधारण 19 लाख लोक आणि 15 शहरं. सॅन होजे, सांता क्लारा, माउंटन व्ह्यू, पालो आल्टो, मिल्पिटास अशा 11 शहरांचं स्वतःचं पोलीस खातं आहे. मॉन्टे सेरेनोचं काम शेजारचं लॉस गॅटोस करतं. उरली तीन: कुपर्टिनो, साराटोगा आणि लॉस आल्टोस हिल्स. ही तिन्ही शहरं शेरीफशी करार करतात आणि गस्तीचे पैसे काउंटीला मोजतात. आमची नगरपरिषद दरवर्षी किती तासांची गस्त, किती तपास अधिकारी, वाहतुकीला किती माणसं हे ठरवून विकत घेते. हे ऐकून बाबा म्हणाले, "म्हणजे पेड बंदोबस्त!" हसलो, पण तुलना अगदीच चुकीची नाही.

याशिवाय कोणत्याच शहरात न मोडणारा भाग असतो. सॅन मार्टिन, डोंगरातली वस्ती, सॅन होजेच्या मध्येच अडकलेले काही तुकडे. तिथली गस्त शेरीफकडे कराराशिवायच येते, कारण तिथे दुसरं कोणी नाहीच. गंमत म्हणजे तिथल्या रस्त्यांवरचे अपघात आणि वाहतूक मात्र राज्याचं हायवे पेट्रोल बघतं. म्हणजे त्या पट्ट्यात चोरी झाली तर शेरीफ आणि गाडी ठोकली तर हायवे पेट्रोल.

आता खरी गोष्ट. मला वाटायचं शेरीफ म्हणजे गस्तीच्या गाड्या. पण या कार्यालयाचा मोठा भार गस्तीवर नाही, तुरुंगावर आहे. सॅन होजेत हेडिंग स्ट्रीटवरचा मुख्य तुरुंग आणि मिल्पिटासमधलं एल्मवुड. तुमच्यापैकी जे ग्रेट मॉलला जातात ते एल्मवुडच्या बाजूनेच जातात, लक्षात येत नाही इतकंच. मिल्पिटासला स्वतःचे पोलीस आहेत, तरी त्यांच्या गावातला तो तुरुंग शेरीफचा.

इथे ‘जेल’ आणि ‘प्रिझन’ वेगळे. खटला चालू असलेले आणि थोड्या मुदतीची शिक्षा झालेले काउंटीच्या जेलमध्ये, मोठी शिक्षा झालेले राज्याच्या प्रिझनमध्ये. 2011 मध्ये राज्याने आपले तुरुंग ओसंडून वाहतात म्हणून कायदा बदलला. हिंसक नसलेल्या बऱ्याच गुन्ह्यांची लांब शिक्षाही तेव्हापासून काउंटीतच भोगायची. म्हणजे पूर्वी काही महिन्यांचा पाहुणा असायचा, तो आता काही वर्षं राहू शकतो. डॉक्टर, शाळा, कुटुंबाच्या भेटी, सगळं त्या हिशोबाने बदलावं लागलं. (कैद्यांची वैद्यकीय सेवा आमच्याकडे काउंटीचं आरोग्य खातं देतं, शेरीफ नव्हे.)

तिसरं काम न्यायालयाचं. कोर्टात जो गणवेशातला माणूस उभा असतो तो डेप्युटी. कैद्याला जेलमधून कोर्टात आणणं-नेणंही यांच्याकडेच. बाबांच्या कैदी पार्टीचा प्रश्न इथे सुटला. "म्हणजे जेलवाले वेगळे, पोलीस वेगळे, आणि गाडी मिळाली नाही म्हणून तारीख पडली, असं होत नाही?" असं त्यांनी विचारलं. यावर मी गप्प बसलो, कारण माहीत नव्हतं.

आणि चौथं, जे मला सगळ्यात अनपेक्षित होतं: बेलीफचं काम. दिवाणी कोर्टाने घर रिकामं करायचा आदेश दिला की दारावर नोटीस लावायला डेप्युटी येतो. त्यावर पाच दिवसांची मुदत असते. मुदत संपली की तोच परत येतो आणि कुलूप बदललं जातं. बँक खात्यावर टाच, पगारातून वसुली, घरगुती हिंसाचारातले मनाई हुकूम बजावणं, हे सगळं याच खिडकीतून. बंदूक जवळ बाळगायचा परवानाही इथूनच मिळतो, त्याबद्दल खाली कोणी विचारलं तर लिहितो, ती मोठी गोष्ट आहे.

उतरंड अशी: शेरीफ, त्याखाली अंडरशेरीफ, मग असिस्टंट शेरीफ, कॅप्टन, लेफ्टनंट, सार्जंट, डेप्युटी. यातला फक्त पहिला निवडून येतो, बाकी सगळे नोकरीतले. तुरुंगात करेक्शनल डेप्युटी हा वेगळा वर्ग आहे. करार केलेल्या आमच्या तिन्ही शहरांचं ठाणं कुपर्टिनोतच आहे. तिथला कॅप्टन नगरपरिषदेपुढे येऊन आकडे सांगतो. गावाच्या दृष्टीने पोलीस प्रमुख तोच, पण त्याला नेमतो शेरीफ.

---

माणदेशी_मावशी

मस्त लिहिलंय. वडिलांना नमस्कार सांगा. एक शंका, 911 हा तातडीच्या मदतीचा नंबर फिरवला की फोन शेरीफच्या ठाण्यात जातो का?

---

सह्यकडा

नाही मावशी. काउंटीचं संपर्क केंद्र हे वेगळं खातं आहे. फोन तिथे जातो, ते शेरीफची गाडी पाठवतात. आगीचा बंब आला तर तो काउंटीच्या अग्निशमन खात्याचा, त्याचाही शेरीफशी संबंध नाही. शेजारच्या सनीवेलमध्ये तर 1950 पासून पोलीस, आग आणि प्राथमिक वैद्यकीय मदत एकाच खात्यात आहे. तिथला अधिकारी आज गस्तीवर, पुढच्या पाळीत बंबावर असू शकतो. दोन गावांच्या मध्ये फक्त एक रस्ता आहे, बरं का.

---

कडकनाथ

धागा चांगला आहे, पण यावरून अमेरिकेतला शेरीफ असाच असतो असं कोणी समजू नये. मी व्हर्जिनियात आहे, लाउडन काउंटीत, अ‍ॅशबर्नला. आमच्याकडे काउंटीचं पोलीस खातं नाहीच. गस्त, तपास, शाळेतला अधिकारी, तुरुंग, कोर्ट, सगळं शेरीफ. लीसबर्गसारख्या गावाचे स्वतःचे पोलीस आहेत तेवढा अपवाद. ऑफिसला जाताना फेअरफॅक्स काउंटीत शिरलो की तिथे काउंटी पोलीस आहेत. शेरीफ तिथेही आहे, निवडूनही येतो, पण त्याच्याकडे तुरुंग, कोर्टाची सुरक्षा आणि बजावणी एवढंच. वेग वाढवला म्हणून अडवणारा पोलीस काउंटीची हद्द ओलांडली की बदलतो.

राज्य तेच, कायदा तोच. फेअरफॅक्सने बऱ्याच आधी पोलीस खातं काढलं, लाउडनने काढलं नाही. इथे दर काही वर्षांनी तो वाद उकरून निघतो.

---

सह्यकडा

कडकनाथ, हे मला फार उपयोगी आहे. म्हणजे तुरुंग आणि कोर्ट दोन्हीकडे राहिलं, गस्त तेवढी सुटली. इकडे सॅन फ्रान्सिस्कोतही तेच. ते शहर आणि काउंटी एकच आहे, तरी पोलीस वेगळे आणि निवडून आलेला शेरीफ वेगळा. शेरीफकडे जेल आणि कोर्ट.

माझं मत हळूहळू असं होतंय की गस्त हे शेरीफचं सुटं होऊ शकणारं काम आहे. ते विकता येतं, विकत घेता येतं, दुसऱ्याला देता येतं. लॉस एंजेलिस काउंटीत 1954 मध्ये लेकवूड नावाची वस्ती शहर झाली आणि स्वतःचे पोलीस उभे करण्याऐवजी तिने काउंटीकडूनच सेवा विकत घेतली. तिथून हा करार पद्धतीचा पायंडा पडला. आज तिथला शेरीफ चाळीसच्या वर शहरांना गस्त पुरवतो.

---

एडिसनची_सून

न्यू जर्सीत जेलही सुटलंय हो! आमच्या मिडलसेक्स काउंटीत तुरुंगाचं खातं वेगळं आहे. गस्तीला एडिसनचे पोलीस. शेरीफ म्हणजे कोर्ट आणि लिलाव. कर्ज थकलेल्या घराचा लिलाव शेरीफ करतो, त्याला सरळ ‘शेरीफ सेल’च म्हणतात. घर शोधताना आमच्या एजंटने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की त्या यादीच्या नादी लागू नका, आत कोण राहतंय ते बघताही येत नाही.

आणि आमच्याकडे शेरीफच्या पदाची मुदत तीन वर्षांची आहे.

---

सह्यकडा

मग माझं अर्धं मत गेलं. :) म्हणजे कुठेही गेलं तरी शेरीफकडे उरतं ते कोर्टाचं काम.

---

बापट_अ‍ॅडव्होकेट

नेमकं हेच सांगायला लॉगिन केलं. मुंबई उच्च न्यायालयात मी पंचवीस वर्षं वकिली करतोय. आपल्याकडे शेरीफ आहे हे या धाग्यावर कोणालाच कसं आठवलं नाही? मराठीत नगरपाल म्हणतो आपण. लोकांना तो मानाचा बिनपगारी माणूस वाटतो, दिलीपकुमार आणि सुनील गावसकर नगरपाल होते एवढं माहीत असतं. डॉ. भाऊ दाजी लाड तर 1869 आणि 1871 असे दोनदा होते. विमानतळावर पाहुण्यांचं स्वागत वगैरे.

पण त्या मानाच्या माणसामागे एक कार्यालय आहे आणि ते रोज काम करतं. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतली (जिथे दावे थेट दाखल होतात) समन्सची बजावणी, जप्ती, लिलाव. सगळ्यात देखणं काम म्हणजे जहाज अटक. परदेशी जहाजमालकाने कोणाचे पैसे बुडवले, जहाज आपल्या बंदरात आलं, की आमच्यासारखे वकील धावत कोर्टात जातात आणि अटकेचं वॉरंट निघतं ते शेरीफच्या नावे. वॉरंट जहाजावर चिकटवलं की ते जागचं हलत नाही. पैसे भरले नाहीत तर लिलावही शेरीफच करतो.

मूळ एकच आहे. इंग्लंडात शायर म्हणजे परगणा आणि रीव्ह म्हणजे राजाचा कारभारी. शायरचा रीव्ह तो शेरीफ. राजाची वसुली, राजाचे हुकूम बजावणं आणि आरोपीला न्यायाधीशापुढे हजर करेपर्यंत सांभाळणं. तुमच्या जेलचं मूळ त्या शेवटच्या कामात आहे. मुंबईत बाकीचं सगळं गळून पडलं, मान आणि बजावणी उरली. तिकडे अमेरिकेत लोकांनी त्याला मत देऊन निवडायला सुरुवात केली आणि तो वाढत गेला.

---

माणदेशी_मावशी

जहाजाला अटक! हे माहीतच नव्हतं. बापटसाहेब, यावर वेगळा धागा काढा.

---

घाटावरचा_ह्यूस्टन

वाचत होतो, राहवलं नाही. टेक्सासमध्ये या म्हणजे डोकं पुरतं फिरेल. हॅरिस काउंटीत शेरीफ आहेच, शिवाय आठ प्रभागांचे आठ कॉन्स्टेबल, तेही निवडून आलेले. आणि कॉन्स्टेबल म्हणजे आपला शिपाई नव्हे. एकेकाच्या हाताखाली शेकडो डेप्युटी. घर रिकामं करण्याची नोटीस इकडे कॉन्स्टेबल लावतो. आमची वस्ती कोणत्याच शहरात नाही, केटीच्या बाजूला. आमच्या सोसायटीने वर्गणीतून कॉन्स्टेबलच्या कार्यालयाशी करार केलाय. पलीकडच्या सोसायटीचा करार शेरीफशी आहे. त्यामुळे एकाच रस्त्यावर दोन रंगांच्या गाड्या फिरतात.

सह्यकडांच्या बाबांना इकडे पाठवा, पेड बंदोबस्त काय असतो ते दाखवतो.

---

रोखठोक_नाना

सगळं गोग्गोड चाललंय. पोलीस अधिकारी निवडून द्यायचा म्हणजे तो मतांसाठी आणि देणग्यांसाठीच काम करणार, याबद्दल कोणी बोलेल का? आणि चुकीचा निघाला तर काढायचा कसा? आपल्याकडे निदान गृहखातं निलंबित तरी करतं.

---

सह्यकडा

नाना, प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर आमच्याच काउंटीत घडलंय. परवान्याची मोठी गोष्ट म्हणालो होतो ती हीच.

लॉरी स्मिथ 1998 मध्ये इथे शेरीफ म्हणून निवडून आल्या. कॅलिफोर्नियात निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला शेरीफ. मग निवडून येतच राहिल्या, सलग सहा वेळा. 2015 मध्ये तुरुंगात मारहाणीत एका मनोरुग्ण कैद्याचा मृत्यू झाला, काउंटीने आयोग बसवला, टीका झाली, तरी 2018 मध्ये त्या पुन्हा जिंकल्या. गोत्यात आल्या त्या बंदुकीच्या परवान्यांवरून. परवाना देणं न देणं शेरीफच्या मर्जीवर होतं आणि ओळखीच्यांना, देणगीदारांना तो सहज मिळतो असा आरोप झाला. 2021 च्या डिसेंबरात नागरी ग्रँड ज्यूरीने (सरकारी कारभाराची चौकशी करणाऱ्या नागरिकांच्या समितीने) आरोपपत्र ठेवलं. हा तुरुंगात पाठवणारा खटला नव्हता, पदावरून काढणारा होता. 31 ऑक्टोबर 2022 ला त्यांनी राजीनामा दिला आणि तीनच दिवसांनी ज्यूरीने त्यांना दोषी ठरवलं.

काउंटीचा कारभार बघणाऱ्या पर्यवेक्षक मंडळाच्या हातात काय होतं? पैसे. अंदाजपत्रक मंडळ मंजूर करतं. पण कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेतच लिहिलंय की प्रत्येक काउंटीत शेरीफ, सरकारी वकील आणि मालमत्ता कर ठरवणारा असेसर हे निवडूनच आलेले हवेत. त्यामुळे मंडळ त्याला हुकूम देऊ शकत नाही. मंडळाने पूर्वी एक वेगळी वाट काढली होती, तुरुंगच काढून घेऊन त्याचं स्वतंत्र खातं केलं. 2010 मध्ये तुरुंग परत शेरीफकडे आले.

अलीकडे काही काउंटींनी मतदारांकडूनच परवानगी मागितली. लॉस एंजेलिसमध्ये नोव्हेंबर 2022 मध्ये मतदारांनी मंडळाला, पाचपैकी चार मतं असतील तर, सबळ कारणाने शेरीफला काढायचा अधिकार दिला. आमच्या शेजारच्या सॅन मटेओत मार्च 2025 मध्ये तसंच मतदान झालं आणि त्याच वर्षी मंडळाने तो अधिकार वापरलाही.

---

रोखठोक_नाना

म्हणजे चोवीस वर्षं लागली.

---

सह्यकडा

हो. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

---

कडकनाथ

नाना, दुसरी बाजू पण बघा. नेमलेल्या अधिकाऱ्याची बदली मंत्र्याला नको म्हणून रात्रीत होते हे आपण पेपरात वाचतोच. शेरीफला निदान रात्रीत कोणी हलवू शकत नाही. आणि कोणीही उठून उभा राहतो असंही नाही. कॅलिफोर्नियात उमेदवाराला पोलीस कामाचा अनुभव किंवा वरच्या दर्जाचं प्रमाणपत्र लागतं, 1989 पासून बहुतेक. सह्यकडा, बरोबर ना?

कनेक्टिकटने तर 2000 साली मतदान घेऊन काउंटी शेरीफ ही भानगडच बंद केली. तिथे आता कागद बजावायला राज्याचे मार्शल आहेत.

---

सह्यकडा

बरोबर. अट आहे, नवख्याला उभं राहता येत नाही.

---

दुर्गभ्रमंती

डोंगरात भटकणाऱ्यांसाठी एक भर. वाट चुकलात, दरीत पडलात तर कॅलिफोर्नियात शोध आणि बचावाची जबाबदारी काउंटीच्या शेरीफवर असते. बहुतेक माणसं स्वयंसेवक असतात, शनिवार-रविवारी सराव करतात. आपल्याकडे लोणावळा-मुळशीला जे काम गिर्यारोहकांचे गट स्वतःच्या खिशातून करतात, ते इथे शेरीफच्या छत्राखाली चालतं. मी दोन वर्षं अशा पथकात होते (आमची काउंटी वेगळी). अर्ध्या वेळा हरवलेला माणूस गाडीतळावर बसून चिप्स खात असतो.

---

एडिसनची_सून

:D :D

---

सह्यकडा

आमच्याकडे आणखी दोन सुट्या गोष्टी आहेत, लिहायच्या राहिल्या. व्हीटीए या इथल्या सार्वजनिक वाहतूक संस्थेच्या बस आणि लाइट रेलवर शेरीफची गस्त असते, तोही करार. 26 मे 2021 ला व्हीटीएच्या यार्डात गोळीबार होऊन नऊ कर्मचारी गेले, ती जागा शेरीफच्या मुख्यालयाला लागून आहे, म्हणून डेप्युटी काही मिनिटांत आत होते. आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जे पोलीस दिसतात, त्यांना पगार विद्यापीठ देतं, पण पोलिसाचा अधिकार आमच्या शेरीफकडून मिळतो.

आता बाबा स्वतः लिहितायत. मी फक्त टाइप करतोय.

---

सह्यकडा (बाबांच्या वतीने)

सर्वांना नमस्कार. माझ्या साध्या प्रश्नावर एवढी चर्चा झाली, बरं वाटलं. बापटसाहेबांचं उत्तर फार आवडलं. मी नोकरीत समन्स-वॉरंटाच्या बजावणीत आयुष्याची बरीच वर्षं घालवली, ते काम कमी दर्जाचं समजलं जायचं. नवीन पोरांना द्यायचे. इकडे तेच काम सगळ्यात जुनं आणि कुठेही न सुटलेलं निघालं.

परवा मुलाने मला कुपर्टिनोच्या ठाण्यात नेलं. खिडकीवरच्या बाईंना मी माझं जुनं ओळखपत्र दाखवलं. एक सार्जंट बाहेर आला, हात मिळवला, पंधरा मिनिटं बोलला. मी त्याला मुद्देमालाबद्दल विचारलं. तो म्हणाला त्याची वेगळी शाखा आहे, तिथे प्रत्येक वस्तूला पट्टी चिकटवून नोंद होते. आमच्याकडे मुद्देमाल कारकून असतो तसंच. मग त्याने मला विचारलं, तुमच्या जिल्ह्यात किती माणसं होती? मी सांगितलं. त्याला ते खरं वाटलं नाही.

एक प्रश्न राहिला. शेरीफ निवडून येतो. मग त्याच्या निवडणुकीचा बंदोबस्त कोण करतो? त्याचीच माणसं बूथवर उभी राहणार का?

---

माणदेशी_मावशी

काका, लाख मोलाचा प्रश्न!

---

सह्यकडा

शोधलं. निवडणूक घेणारं खातं काउंटीचं, पण शेरीफपासून वेगळं. मतपत्रिका प्रत्येक मतदाराच्या घरी टपालाने येते, त्यामुळे बूथवर गर्दी अशी नसतेच. पुढची शेरीफची निवडणूक 2028 मध्ये आहे. राज्याने ती अध्यक्षीय निवडणुकीच्या वर्षात नेली, म्हणून 2022 मध्ये निवडून आलेल्यांना एकदाच चारऐवजी सहा वर्षं मिळाली.

आणि बंदोबस्ताचं उत्तर असं आहे: कॅलिफोर्नियात निवडणूक अधिकाऱ्याची लेखी परवानगी नसताना गणवेशातला पोलीस मतदान केंद्राजवळ तैनात करणं हा गुन्हा आहे.

बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "परत वाच."